लोकमान्यांच्या दारातील पहारा

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा कार्यकारिणीचा निरोप आला, आणि मी लोकमान्य टिळकांचे नाव सुचविले, तेव्हा एकदोघी भगिनी हसल्या. त्यांचे हसणे मला समजले. दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या मुलांकडून आपण ते भाषण पाठ करून घेतो, शेंगांची टरफले उचलण्याची ती गोष्ट ऐकून ऐकून आपले कान किटले आहेत. तेव्हा ती गोष्ट मी येथे सांगणार नाही. टिळकांच्या आयुष्यात अशी एक बाजू आहे की जिच्याविषयी शाळेच्या भाषणात एक वाक्यही नसते, आणि संसार करणाऱ्या बाईला मात्र ती चटकन उमगावी. जवळजवळ चाळीस वर्षे या माणसाच्या लिहिण्याबोलण्यावर सरकारची नजर होती. पुढेपुढे तर त्याच्या घरी कोण येते, तो कोणती पुस्तके मागवितो, पत्रात काय लिहितो, कोणत्या गावी जातो, या साऱ्याची नोंद कोठेतरी होत होती. असे घर कसे चालले असेल, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता.

आणि या गोष्टीचा आरंभ आपल्या कोल्हापुरातच होतो.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. बी. ए., एल्एल्. बी. झाल्यावर त्यांनी सरकारी नोकरी धरली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर व आगरकर यांच्यासह त्यांनी १८८० त पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल चालविले व १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा ही दोन पत्रे काढली. त्या वेळी आपल्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वय अवघे अठराएकोणीस. महाराजांना वेड लागले आहे असे सरकार म्हणे, आणि त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे असे लोक म्हणत. सारा कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती. केसरी व मराठा या पत्रांनी महाराजांचा पक्ष घेतला आणि बर्व्यांची म्हणून काही पत्रे पुढे आली होती त्यांच्या आधारे कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे खोटी ठरली. टिळक आगरकरांनी दिलगिरी दाखविली, तरी फिर्याद मागे घेतली गेली नाही, व १७ जुलै १८८२ रोजी दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. सुटीचे दिवस वजा जाता त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

येथे मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की, चूक तरुण संपादकांकडून झालीच होती. हेतू चांगला म्हणून कागदाची शहानिशा करण्याचे काम टळत नाही, आणि पुढच्या आयुष्यात पुराव्याच्या बाबतीत टिळक जे इतके काटेकोर दिसतात, त्याचा पहिला धडा त्यांना येथे मिळाला असे मला वाटते. दुसरी गोष्ट अशी की, या दोघा ब्राह्मण तरुणांस दहा हजारांचा जामीन मिळवून दिला तो जोतीराव फुल्यांनी, रामशेठ उरवणे या आपल्या स्नेह्याकडून. ज्यांची मते एकमेकांशी पटत नव्हती त्यांनी हे केले. दुर्दैवी महाराजांचे पुढे काय झाले ते कोल्हापूरकरांस सांगावयास नको. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर पहाऱ्यास नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला.

कोल्हापूर प्रकरणात सरकार पडद्याआड होते. पुढे ते समोर आले. मुंबई सरकारने देशी वर्तमानपत्रांवर एक स्वतंत्र अधिकारी नेमलेला होता. आठवड्याच्या आठवड्याला मराठी, गुजराती पत्रांत काय छापून आले त्याचा इंग्रजी सारांश तो करी आणि तो गुप्त म्हणून वरिष्ठांकडे जाई. म्हणजे केसरीचे सर्वांत नेमाने वाचणारे गिऱ्हाईक सरकारच होते म्हणावयाचे!

१८९७ साली पुण्यास प्लेग होता. प्लेगच्या शिपायांनी घराघरांत शिरून जो अतिप्रसंग केला त्याने लोक चिडून गेले होते. १५ जूनच्या केसरीत शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाची हकीकत आली, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या दोन गोष्टींचा संबंध जोडून २७ जुलैस टिळकांना पकडले. ज्युरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोषी म्हटले. अठरा महिने सक्तमजुरी झाली. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील अप्रीती या शब्दाचा अर्थ असा केला की, सरकारविषयी प्रीती नसणे हीच अप्रीती. आता प्रीती हुकमाने उत्पन्न होत नाही, हे आपणा बायकांस कोणी शिकवावयास नको. परंतु पुढल्याच वर्षी कायदाच दुरुस्त करून अधिक कडक करण्यात आला. हेच १२४ अ कलम स्वातंत्र्यानंतरही आपल्या दंडसंहितेत राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवून ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून ती जुनी दंडसंहिताच गेली. नव्या संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाचे सार्वभौमत्व व एकता यांस धोका आणणाऱ्या कृत्यांचे १५२ वे कलम आहे, आणि त्याचा अर्थ कोठवर ताणावयाचा हा वाद वकील मंडळींत चालूच आहे.

टिळकांवर निदान खटला तरी झाला. पुण्याचे नातू बंधू, बाळासाहेब व तात्यासाहेब, यांच्यावर तोही झाला नाही. १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनचा आधार काढून त्यांना उचलून नेले, आरोप सांगितला नाही, न्यायाधीशापुढे उभे केले नाही, आणि १८९९ त सोडून दिले. गुन्हा कोणता व निरपराधी असल्यास कैद का, यांपैकी कशाचेच उत्तर त्यांच्या घरच्यांस मिळाले नाही. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते ७७ मध्ये, मिसाखाली ज्यांच्या घरची माणसे नेली त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

ताईमहाराजांचे प्रकरण याच काळातले, आणि त्याचाही धागा कोल्हापूरशी जुळतो. एका तरुण विधवेच्या दत्तकावरून सुरू झालेला तो वाद १९०१ पासून १९१५ पर्यंत प्रिव्ही कौन्सिलात जाईतो चालला. खोट्या साक्षीचा आरोप ठेवून टिळकांस शिक्षाही दिली गेली. १९०४ साली हायकोर्टाने त्यांस निर्दोषी ठरविले. त्या प्रकरणात त्या बाईचे मन काय म्हणत होते याची विचारपूस फारशी कोणी केलेली दिसत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून पुढे जाते.

१९०८ चा खटला मोठा. मुझफ्फरपूरच्या बाँबवर केसरीत आलेल्या लेखांवरून २४ जूनला मुंबईस सरदारगृहात टिळकांना अटक झाली, आणि पाठोपाठ पुण्याच्या गायकवाड वाड्याची व सिंहगडावरील त्यांच्या बंगल्याचीही झडती झाली. झडती म्हणजे काय हे घरच्या बाईला विचारावे. कपाट, फडताळ, ट्रंक, पोथ्यांचे बासन, सारे परक्या हातांनी उपसावयाचे आणि आपण बाजूला उभे राहून पाहावयाचे. या सगळ्या उपसाउपशीतून हाती काय लागले? एक पोस्टकार्ड. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. पुस्तके नव्हेत, नुसती नावे! नवा स्फोटकांचा कायदा जूनमध्येच झाला होता, त्यावर लिहावयाचे म्हणून एका यादीतून ती नावे टिपून घेतली होती, असे टिळकांनी कोर्टात समजावून सांगितले. तरी ते कार्ड पुराव्यात गेले ते गेलेच. माणूस काय वाचतो यावरून तो काय करणार हे ठरविण्याची ही रीत पुढेही पुष्कळ ठिकाणी दिसते. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ज्युरीने दोषी ठरविले, न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळेपाणी व हजार रुपये दंड सांगितला. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले.

त्याच वर्षी कोल्हापुरात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या विश्ववृत्त मासिकावर गदा आली. पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील एक लेख छापल्याबद्दल विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी यांस तीन तीन वर्षांची शिक्षा झाली. रागिणी कादंबरीचे लेखक ते हेच वामनराव. विजापूरकरांचे समर्थ विद्यालय तळेगावास चालले होते, तेही १९१० साली सरकारने बंद केले. एकदा नाव काळ्या यादीत चढले की माणसाबरोबर त्याची शाळा, त्याचे मासिक, त्याच्याकडे शिकणारी मुले, सारीच त्या यादीत जातात.

टिळकांना मंडालेस ठेवले. तेथे पत्रे मोजकी, ती घरगुती विषयाचीच, आणि तीही अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जावयाची. गीतारहस्य लिहिले ते बांधीव वह्यांत. सुटे कागद मिळत नसत, वहीची पाने मोजून देत, शाई नाही, शिसपेन्सिल, तीही टोक करून दिलेली. मग त्या वह्या सरकारने तपासणीसाठी ठेवून घेतल्या. त्या परत येतील की नाही अशी स्नेह्यांना धास्ती, तर टिळकांचे म्हणणे असे की, वह्या गेल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू. वह्या परत आल्या व १९१५ साली ग्रंथ निघाला.

पण सगळेच परत येत नाही. ७ जून १९१२ रोजी सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. मधुमेहाने त्या खंगल्या होत्या. टिळकांना तारेने कळले. इकडे बाईंच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर काय दिसते? तीन तुरुंगवास पाहिले, झडती पाहिली, थोरला मुलगा १९०३ साली प्लेगने गेला, आणि शेवटी नवऱ्याला अंतकाळी भेटणेही झाले नाही. त्यांच्याविषयी ग्रंथांत फार थोडे लिहिलेले आहे. सरकारने पाळत ठेवली ती एका माणसावर, पण त्या पाळतीखाली दिवस काढले ते साऱ्या घराने.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री पोलिसांनी टिळकांना हडपसरपर्यंत आगगाडीने व तेथून मोटारीने आणून गायकवाड वाड्याच्या दाराशी सोडले. कोणास आधी वर्दी नव्हती. सहा वर्षांनी आलेल्या धन्याला दारावरच्या माणसाने ओळखले नाही. भाचे धोंडोपंत विद्वांस यांस बोलाविल्यावर दार उघडले. सकाळी गावात बातमी फुटली आणि माणसांची रीघ लागली.

त्यानंतर सरकारने केले ते असे. वाड्याच्या जवळ पोलीस बसविले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नावे टिपून घ्यावयास लावली. मारहाण नाही, मनाई नाही, फक्त एक वही आणि एक पेन्सिल. भगिनींनो, आपल्या दारी कोण आले, किती वेळ बसले, हे समोरच्या खिडकीतल्या बाईला ठाऊक असतेच व त्याचे आपल्याला फार काही वाटत नाही. परंतु तेच एखाद्या शिपायाने लिहून घेतले तर? ज्याचा मुलगा सरकारी कचेरीत आहे, ज्याला पेन्शन आहे, ज्याच्या शाळेला ग्रँट मिळते, तो दारापर्यंत येऊन विचार करील. कदाचित गल्लीच्या टोकावरूनच मागे फिरेल, आणि घरी गेल्यावर बायकोला सांगेल की आज वेळ झाला नाही. अशी कितीएक माणसे परत गेली असतील त्यांची नोंद मात्र त्या वहीत कशी असणार? तुरुंगाची भीती थोड्यांना असते, वहीत नाव येण्याची भीती पुष्कळांना असते, आणि राज्यकर्त्यांना ती स्वस्तही पडते. म्हणून मला मंडालेच्या कोठडीपेक्षा दारातला तो पहारा अधिक त्रासदायक वाटतो. कोठडीत निदान आपल्यामुळे दुसऱ्यावर संकट येत नाही.

टिळकांनी त्यावर तोड काढली ती साधीच. लपावयाचे नाही. जे बोलावयाचे ते उघड्या सभेत, कायद्याच्या चौकटीत, आणि लिहून घेणाऱ्याने खुशाल लिहून घ्यावे. १९१६ च्या एप्रिलअखेरीस आपल्या शेजारच्या बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. बेळगाव व अहमदनगर येथे टिळकांची मराठी व्याख्याने झाली, आणि पुढे बसलेल्या पोलीस लघुलेखकांनी ती शब्दशः उतरून घेतली. २३ जुलैला टिळकांना साठ वर्षे पुरी झाली. पुण्यात सत्कार, एक लाखाची थैली, आणि त्याच दिवशी हातात सरकारची नोटीस! वर्षभर सद्वर्तनाने राहण्याबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, असा सवाल होता. मॅजिस्ट्रेटने ऑगस्टमध्ये तसा हुकूम दिलाही.

टिळक हायकोर्टात गेले. बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली. म्हणणे थोडक्यात असे की, नोकरशाहीवर टीका करणे म्हणजे राज्याचा द्वेष नव्हे, आणि कायदेशीर मार्गाने कारभारात बदल मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी व्याख्याने सुटी सुटी वाक्ये उचलून न वाचता सबंध वाचली, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. येथे एक मौज झाली ती सांगण्यासारखी आहे. टिळकांना पकडण्यासाठी जे शब्द पोलिसांनी इतक्या काळजीने उतरून घेतले, त्याच शब्दांनी त्यांना सोडविले. त्या निकालानंतर स्वराज्याची मागणी उघडपणे करण्यास कित्येकांना धीर आला.

पाळत थांबली असे मात्र नव्हे. १९१७ च्या फेब्रुवारीत लढाईच्या खास कायद्याखाली टिळकांस पंजाब व दिल्लीत येण्याची बंदी झाली. १९१८ साली ते मंडळींसह विलायतेस निघाले तो कोलंबोस पासपोर्ट रद्द झाल्याचे कळले व परत यावे लागले. पुढे चिरोल यांच्यावरील दाव्यासाठी म्हणून जाऊ दिले, तेही राजकारण करणार नाही अशा अटीवर. ती अट नंतर उठली. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदी असंतोषावर पुस्तक लिहून त्यात टिळकांवर भलते आरोप केले होते. या इंग्रज पत्रकाराला मुंबई सरकारने आपली दफ्तरे दाखविली व दाव्यात मदत केली. म्हणजे जी टिपणे गुप्त म्हणून ठेवलेली, जी टिळकांस कधी पाहावयास मिळाली नाहीत, ती दुसऱ्याच्या हाती देण्यास मात्र अडचण आली नाही. १९१९ च्या फेब्रुवारीत दावा टिळकांच्या विरुद्ध गेला व खर्च लाखांच्या घरात गेला. लोकांनी वर्गणी काढून भार उचलला.

आता एक कटू गोष्टही लिहिली पाहिजे, नाही तर हा लेख आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत शोभणार नाही. नागरिकाच्या हक्कासाठी इतके सोसणारे हे गृहस्थ १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करीत होते, पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलातील शिक्षणावर टीका करीत होते, आणि वेदोक्ताच्या वादात शाहू महाराजांच्या विरुद्ध उभे होते. सरकारच्या बाबतीत त्यांनी जो हक्क मागितला तो घरातल्या मुलीला किंवा जातीने खाली लोटलेल्याला तितकाच लागू आहे, हे त्यांना दिसले नाही. ते ज्यांना दिसले त्यांत डोंगरीचे त्यांचे सोबती आगरकर होते. शाहू महाराजांच्या नगरीत राहणाऱ्या आपण हे विसरणार नाही. पण त्यासाठी वाड्याच्या दारातला पहारा योग्य होता, असेही आपण म्हणणार नाही.

१ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईस सरदारगृहात, बारा वर्षांपूर्वी जेथून त्यांना पकडून नेले होते त्याच ठिकाणी, टिळकांचे देहावसान झाले. ज्या न्यायालयात त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेथे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५६ साली त्यांच्या स्मरणाची शिला बसविली. आणि १९५७ पासून मुंबई सरकारने स्वातंत्र्याच्या इतिहासाची साधने म्हणून जुनी सरकारी व पोलिसी दफ्तरे छापून काढावयास आरंभ केला. १९५८ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात १८८५ पासून १९२० पर्यंतची टिपणे आहेत. टिळक अमक्या तारखेस अमक्या गावी गेले, सभेस इतके लोक होते, असे अधिकाऱ्यांनी त्या त्या वेळी गुप्त म्हणून लिहून ठेवले होते. आता ते कोणालाही वाचनालयात बसून वाचता येते, आणि वाचताना कोणी आपले नाव लिहून घेत नाही.